बालवर्ज्य विमान

पंचांगात काही दिवस वर्ज्य असतात, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो, तसं विमानात लहान मूल वर्ज्य असावं असं मानणारा एक पंथ आहे. या पंथातली माणसं एरवी अतिशय सज्जन असतात. पाहुण्यांच्या मुलाचा गालगुच्चा घेतात, त्याला 'मामाकडे येतोस का' म्हणून विचारतात, आणि ते खरंच आलं तर त्याच्या हाती चष्मासुद्धा देतात. पण एकदा का विमानाचं दार लागलं आणि मागच्या रांगेतून पहिला 'ट्यँहँ' ऐकू आला, की या सज्जनांच्या चेहऱ्यावर कंसमामाची कळा येते.

आमच्या शाखेतल्या एका साहेबांनी अलीकडेच या पंथाची दीक्षा घेतली. दिल्लीहून मुंबईला येताना त्यांच्या शेजारी एक तान्हं होतं आणि ते दिल्लीपासून वसईच्या खाडीपर्यंत एका सुरात रडत होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहाच्या वेळी ठरावच मांडला. "अहो, सिगारेट बंद केली ना विमानात? मग पोरं का नाही? मोठ्यांची वेगळी फ्लाइट काढा. चार पैसे जास्त घ्या. मी देतो!" साहेब चार पैसे जास्त देतो म्हणाले, याच्या धक्क्यानं कॅश काउंटरवरची मोजणी चुकली. साहेबांच्या म्हणण्याला तोंडावर हरकत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, ती युनियनमार्फत घ्यावी लागते. म्हणून मी इतिहासाकडे वळलो. माणूस कॉमर्सचा असला, तरी जुनी लेजरं उघडून बघायची सवय असतेच. आणि उघडली, तेव्हा दिसलं की साहेबांचं विमान पूर्वीच उडून गेलेलं आहे. एकदा नव्हे, तब्बल सतरा वर्षं ते उडत होतं.

पण तिथं जायच्या आधी थोडं मागं जाऊ. विमानाच्या अगदी पहिल्या काळात हा प्रश्नच नव्हता. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून जुहूला आपलं छोटं विमान आणलं, त्यात टपालाच्या थैल्या होत्या. टपाल रडत नाही. (ते वेळेवर मिळालं नाही की रडतो तो आपण.) ज्या विमानांतून माणसं जात, त्यांच्या पंख्यांचा आवाज एवढा असे, की पोर रडतंय की आजोबा 'पाणी आणा' म्हणतायत हे कळायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर त्या काळी विमानात रडायचं काम मोठी माणसंच करत. विमान ढगातून जाताना खालीवर होई आणि मिशीवाले गृहस्थ पिशवीत तोंड घालून बसत. त्यांना धीर द्यायला कोणीतरी हवं, म्हणून १५ मे १९३०ला अमेरिकेत ओकलंडहून शिकागोला निघालेल्या विमानात एलेन चर्च नावाची परिचारिका चढली. जगातली पहिली हवाई सुंदरी ती हीच. बाईंना स्वतःला विमान चालवता येत होतं आणि त्या नोकरी मागायला गेल्या होत्या वैमानिकाची. कंपनीनं त्यांच्या हाती चहाचा ट्रे दिला. सोबत आणखी सात जणी घेतल्या, अट अशी की सगळ्या परिचारिका हव्यात, पंचविशीच्या आतल्या हव्यात आणि अविवाहित हव्यात. यातली शेवटची अट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढं कामाला येणार आहे.

ही कंपनी पुढं ज्या मोठ्या कंपनीत सामील झाली, ती युनायटेड एअरलाइन्स. आणि याच युनायटेडनं १९५३ साली न्यूयॉर्क-शिकागो मार्गावर एक खास विमान सुरू केलं. नाव 'एक्झिक्युटिव्ह'. वेळ संध्याकाळची, ऑफिस सुटल्यानंतरची. पाटी अशी: फक्त पुरुषांसाठी. स्त्रिया नकोत, मुलं नकोत.

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे ओलावले. कारण त्या विमानातली व्यवस्था ऐकावी अशीच होती. आत पाऊल टाकलं की कोट काढायचा, बूट काढायचे, पायात सपाता घालायच्या. जेवायला गोमांसाचा जाडजूड तुकडा. (साहेबांनी इथं मनातल्या मनात बटाट्याची भाजी घातली असावी.) जेवण झालं की सिगार, आणि तीही फुकट. एरवी ज्या विमानांत पाइप ओढायला मनाई असे, ती इथं उठवलेली. शिवाय वाचायला त्या दिवशीचे शेअरबाजाराचे बंद भाव. थोडक्यात, घरी बायको जे जे करू देत नाही ते ते सर्व, वीस हजार फुटांवर.

आता गंमत बघा. विमानात बंद खिडक्या. त्यात पन्नास-साठ व्यवस्थापक जेवून तृप्त होऊन एकाच वेळी सिगार पेटवताहेत. धूर जायला जागा नाही. हे चालत होतं. चालत नव्हतं ते सहा महिन्यांचं बाळ. त्या धुराला कोणी 'उपद्रव' म्हणत नव्हतं, त्याचं नाव 'निवांतपणा' होतं. उपद्रव कशाला म्हणायचं हे तिकीट कोणाच्या खिशातून निघतं त्यावर ठरत असावं. आमच्या काउंटरवरही बघा: पाच लाखांची ठेव ठेवणारा मोठ्यानं बोलला तर तो 'मोकळ्या स्वभावाचा', आणि पेन्शनचे आजोबा मोठ्यानं बोलले तर 'आजोबा, जरा हळू'.

बरं, स्त्रिया नकोत म्हणजे अगदीच नकोत असंही नव्हतं. दोन हव्या होत्या, सिगार पेटवून द्यायला आणि सपाता आणून द्यायला. त्या हवाई सुंदऱ्याही अविवाहितच असाव्या लागत. लग्न केलं की नोकरी गेली. म्हणजे त्या विमानात बाईला प्रवेश होता, फक्त ती कोणाची आई असता कामा नये. १९६६ साली अमेरिकेत 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' ही संघटना उभी राहिली. या बायकांनी विचारलं, की आम्हालाही शिकागोला कामं असतात, आम्ही का नाही बसायचं? कंपनीला उत्तर सुचेना. १९७०च्या जानेवारीत 'एक्झिक्युटिव्ह' कायमचं खाली उतरलं.

आमच्याकडे आपण अमेरिकेला हसायचं कारण नाही. आपल्या एअर इंडियाचा नियम असा होता, की हवाई सुंदरीनं वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा, यातलं जे आधी घडेल तेव्हा. हे 'यातलं जे आधी घडेल' आमच्या बँकेच्या कागदांत कर्जाच्या बाबतीत असतं, बाळंतपणाच्या बाबतीत मी प्रथमच पाहिलं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी मुंबईहून निघून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८१ साली न्यायालयानं पहिल्या गरोदरपणाची ती अट घटनाबाह्य म्हणून उडवून लावली. लग्नाची चार वर्षांची अट मात्र ठेवली. तिसऱ्या खेपेला नोकरी गेली तरी त्यात वावगं नाही, असंही निकालात सुचवलं. लाल त्रिकोणाचे दिवस होते, न्यायमूर्तीही भिंतीवरच्या जाहिराती वाचत असणार.

हे सगळं मी का उगाळतोय? तर साहेबांचा सिगारेटचा मुद्दा. तो वरवर बिनतोड आहे. खरोखरच १९७१ साली याच युनायटेडनं धूम्रपान न करणाऱ्यांसाठी विमानात वेगळा भाग केला, १९८८पासून अमेरिकेत दोन तासांच्या आतल्या उड्डाणांवर सिगारेट बंद झाली, आणि पुढं ती सगळीकडूनच गेली. मग मूलही तसंच टप्प्याटप्प्यानं का घालवू नये? पण सिगारेट खिशात ठेवून माणूस विमानात चढू शकतो. आठ महिन्यांचं मूल पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून आईला चढता येत नाही. तुम्ही एक मूल विमानातून खाली उतरवलंत, की त्याच्याबरोबर एक पूर्ण तिकिटाचं माणूस उतरतं, आणि ते माणूस कोण असतं हे तुम्हीही जाणता. बाबा 'मी पुढच्या फ्लाइटनं येतो बाळाला घेऊन, तू हो पुढं' म्हणताहेत, असं दृश्य मी अजून पाहायचा आहे. १९५३च्या पाटीवर दोन ओळी होत्या: स्त्रिया नकोत, मुलं नकोत. आजच्या मागणीत दुसरीच ओळ लिहिलेली असते. पहिली आपोआप लागू होते, लिहायची गरज पडत नाही.

त्याच काळात उलट्या डोक्याची एक कंपनीही होती, हे सांगायला हवं. ब्रिटिशांच्या बीओएसीनं १९५७ साली मुलांसाठी 'ज्युनियर जेट क्लब' काढला. सभासद मुलाला एक बिल्ला आणि एक नोंदवही मिळे. विमानात बसलं की ती नोंदवही पुढं पाठवायची आणि कॅप्टन त्यात किती मैल झाले ते लिहून सही करून देई. मला यात भूतदया दिसत नाही, धंदा दिसतो, आणि फार शहाणा धंदा दिसतो. आम्ही बँकवाले मुलांची बचत खाती उघडून त्यांना डबा देत होतो, ते काय आम्हाला त्यांच्या दहा-दहा पैशांचा मोह होता म्हणून? ज्या पोराची नोंदवही कॅप्टननं सही केली, ते पोर मोठं होऊन दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढेल का?

मग भांडण पेटलं कधी? माझ्या मते, विमान स्वस्त झालं तेव्हा. अमेरिकेत १९७८ साली भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं, आपल्याकडे २००३ साली एअर डेक्कन आली, २००६ला इंडिगो आली, आणि पूर्वी जी मंडळी घडीचा पंखा, पाण्याचा कूजा आणि दशम्यांचा डबा घेऊन आगगाडीत चढायची ती विमानात चढू लागली. कुटुंबासकट. आगगाडीत मूल रडलं तर डब्यातल्या बारा बायका बारा उपाय सांगत, कोणी वेखंड काढी, कोणी ओवा. विमानात खुर्च्या जवळ आल्या, पण माणसं काही जवळ आली नाहीत. गुडघे समोरच्या पाठीला टेकलेले आणि कोणाशी बोलायचं नाही, अशा अवस्थेत माणसाला कोणावर तरी रागवावंसं वाटणारच. खुर्ची अरुंद केली ती कंपनीनं. पण कंपनी दिसत नाही, आणि मूल समोर दिसतं. शिवाय ऐकूही येतं.

आणि ते रडतं का, हे तरी बघावं. विमान उंच गेलं की आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. आपलं कळसूबाईचं शिखर चोपन्नशे फूट. म्हणजे ते तान्हं कळसूबाईच्याही वर बसलेलं असतं आणि अर्ध्या तासात त्याला सांताक्रूझला समुद्रसपाटीवर आणतात. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, आणि कानाच्या पडद्याआड हवा पोचवणारी जी बारीक नळी असते ती बाळाची अरुंद आणि आडवी असते, चटकन उघडत नाही. आपण गिळतो, जांभई देतो, कान मोकळा होतो. जुन्या इंडियन एअरलाइन्समध्ये हवाई सुंदरी गोळ्यांचा आणि कापसाचा ट्रे फिरवायची तो याचसाठी, जरी आमच्यातले काही जण गोळ्या मूठभर घेऊन खिशात टाकत. बाळाला गोळी देता येत नाही. त्याला पाजलं तर ते गिळतं आणि कान उघडतो, आणि पाजलं नाही तर ते भोकाड पसरतं, त्यानंही दडे सुटायला मदत होते. आपण कानात कापूस घालतो, ते आवाज काढतं, दोघांचा आजार एकच.

यानंतरचा इतिहास झपाट्यानं उरकतो, कारण तो सगळा रांगांचा आहे. मलेशिया एअरलाइन्सनं २०११ साली जम्बो विमानाच्या पहिल्या वर्गात तान्ही मुलं घेणं बंद केलं आणि २०१२ साली आपल्या दुमजली विमानाच्या माडीवरल्या साध्या वर्गात बारा वर्षांखालच्यांना मज्जाव केला. मुलं तळमजल्यावर, मोठे माडीवर. आमच्या चाळीत हे उलट होतं. पाठोपाठ २०१३ साली एअरएशिया एक्स आणि सिंगापूरच्या स्कूटनं शांत रांगा काढल्या. जपान एअरलाइन्सनं २०१९ साली वेगळीच युक्ती काढली. जागा निवडताना नकाशावर ज्या खुर्चीत आठ दिवस ते दोन वर्षं वयाचं मूल बसणार तिथं बाळाचं चित्र, म्हणजे ज्याला जपायचंय त्यानं जपावं. पत्रिकेतला मंगळ आधीच दाखवावा तसं. २०२३च्या नोव्हेंबरात कोरेंडन कंपनीनं ॲमस्टरडॅमहून कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटाच्या विमानात सोळा वर्षांवरच्यांसाठी त्र्याण्णव खुर्च्या पडदा लावून वेगळ्या केल्या. साध्या खुर्चीला पंचेचाळीस युरो जास्त.

आपल्या इंडिगोनं २०१६ साली बारा वर्षांखालच्यांना एक ते चार आणि अकरा ते चौदा या रांगा बंद केल्या. लोक चिडले, अग्रलेखही आले. मला मात्र ती बातमी वाचून कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली. बारा आणि तेरा या त्यांच्या विमानातल्या आपत्कालीन दाराच्या रांगा, तिथं मुलांना सुरक्षेच्या नियमानं आधीच बंदी. म्हणजे त्यातल्या दोन रांगांची बंदी आधीचीच. आणि चार नंतर अकरा! मधल्या पाच ते दहा या रांगांत मुलं बसणार, म्हणजे पुढचा शांत भाग मुलांच्या पुढं आणि मागचा शांत भाग मुलांच्या मागं, शिवाय त्यांच्याही मागं पंधरापासून पुन्हा मुलं. याला शांत विभाग म्हणायचं तर दादरच्या पुलालाही म्हणायला हवं. आवाजाला रांगेचा आकडा वाचता येत नाही.

मात्र यातल्या कोणीही सबंध विमान बालवर्ज्य केलं नाही, आणि यामागचं गणित बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं आहे. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, त्याचं भाडं परदेशी प्रवासात सहसा मोठ्याच्या दहा टक्के. पण ते एकटं येत नाही. त्याच्यामागे आई, बाबा, सुट्टी असेल तर आजी. मे महिन्यात आणि दिवाळीत विमानं भरतात ती याच हिशोबानं. पडद्यामागच्या रांगेचे पंचेचाळीस युरो हा निव्वळ वरकड नफा, आणि सबंध विमान बालवर्ज्य केलं की तो नफा राहून मूळ गिऱ्हाईकच जातं. तेव्हा साहेबांना मी एवढंच म्हणेन, की रांग विकत घ्या, जरूर घ्या, झोप ही विकत घ्यावी अशीच वस्तू आहे. पण विमान मागू नका. आणि त्या रांगेत तुमच्या शेजारी जो गृहस्थ बसेल, तो मोबाइलवर मोठ्या आवाजात क्रिकेट लावेल, चाकं जमिनीला टेकायच्या आत उभा राहून वरची बॅग तुमच्या डोक्यावर उतरवेल, आणि त्याचं वय सोळाच्या बरंच वर असेल.

बालवर्ज्य विमानाच्या उलटही विमानं होऊन गेली. त्यात मोठ्यांनाच जागा कमी होती. १९६० ते ६२ या दोन वर्षांत क्युबातल्या आईबापांनी चौदा हजारांवर मुलं एकटी अमेरिकेला पाठवली, नेहमीच्याच विमानांतून, विमानतळावर काचेच्या अलीकडे आपण आणि पलीकडे मुलं. १९७५च्या एप्रिलात सायगाव पडायच्या बेतात असताना अमेरिकेनं तिथली अनाथ मुलं विमानांनी बाहेर काढली. ती सगळी अनाथ होती का, याबद्दल नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या. खुर्च्यांत मावत नव्हती तेव्हा काही तान्ह्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवून नेलं. ४ एप्रिलला निघालेल्या सैन्याच्या अवाढव्य विमानाचं मागचं दार हवेत निखळलं आणि ते सायगावजवळच्या भातखाचरांत कोसळलं. एकशे अडतीस माणसं गेली, त्यात अठ्ठ्याहत्तर मुलं. दुसऱ्या दिवशी पुढचं विमान निघालं, पुन्हा मुलांनी भरून.

१९९०च्या ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून मुंबईला अशा खेपा घातल्या, की दोन महिन्यांत लाखावर माणसं घरी आली. बायका, मुलं, गाठोडी. त्या विमानांत कोणी शांत रांग मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि १९९१ साली २४ आणि २५ मे या दोन दिवसांत इस्रायलनं इथिओपियातल्या यादवीतून तिथले ज्यू बाहेर काढले, छत्तीस तासांत चौदा हजारांच्या वर. एल अल कंपनीच्या एका जम्बोतल्या खुर्च्या काढून टाकल्या आणि ज्यात एरवी चारएकशे माणसं बसतात त्यात हजारावर माणसं चढवली. बायकांच्या पांघरुणांत मुलं, मुलांच्या मांडीवर मुलं. तेवढ्या गर्दीत वाटेत हवेतच दोन बायका बाळंत झाल्या. विक्रमांच्या पुस्तकात त्या विमानातल्या माणसांचा आकडा १,०८८ असा आहे, आणि त्यात ती दोन बाळंही धरलेली आहेत. म्हणजे चढली १,०८६ आणि उतरली १,०८८. बँकेत दोनाचा असा फरक निघाला असता, तर रात्री दहापर्यंत आमच्यातल्या एकालाही घरी सोडलं नसतं.